लिश्टेनस्टाइन : चिमुकल्या देशाची कमाई

लिश्टेनस्टाइनचे नाव घेताच आम्हांस परदेशी धनिकांचा पैसा दडविणाऱ्या बँका आठवतात. २००८ च्या करचुकवेगिरी प्रकरणाने ही ख्याती पक्की केली. परंतु या १६० चौरस किलोमीटरच्या देशाच्या उत्पन्नात कारखान्यांचाही मोठा वाटा आहे, हे आम्ही सहसा विसरतो. एकेकाळच्या या गरीब शेतकरी मुलखाने १९२३ साली स्वित्झर्लंडशी जकातसंघाचा करार केला; चलनही स्विस फ्रँकच. शान गावी १९४१ साली स्थापन झालेली हिल्टी कंपनी काँक्रीटला भोके पाडणारी यंत्रे जगभर विकते. त्याच गावी कृत्रिम दातही बनतात! लोकसंख्या सुमारे ४० हजार आणि नोकऱ्याही जवळपास तितक्याच. निम्म्याहून अधिक कामगार शेजारच्या देशांतून रोज ये-जा करतात. संपत्ती त्यांच्याही घामाची. मताधिकार मात्र त्यांना नाही. तेथील स्त्रियांनाही राष्ट्रीय पातळीवर तो १९८४ साली मिळाला.