सूरजमुखी मुलांचे डोळे

अगदी पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या भुवयांचे आणि गुलाबी कातडीचे मूल तुम्ही कधी पाहिले आहे का? उन्हात ते डोळे बारीक करून, मान खाली घालून चालते. उर्दूत अशा माणसाला सूरजमुखी म्हणतात. नाव मोठे गमतीचे आहे. कारण या मुलाला सूर्याचा प्रकाश मुळीच सोसत नाही!

हे कोड नव्हे. कोड जन्मानंतर केव्हातरी डागांच्या रूपाने येते. रंगहीनता जन्मापासून असते. आपल्या कातडीत आणि केसांत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करण्याची सूचना शरीराला आई व वडील या दोघांकडून मिळते. दोघांकडूनही सदोष सूचना आली, तरच मूल रंगहीन होते. आईवडील स्वतः सावळे असू शकतात. त्यामुळे घरचे लोक चकित होतात. कोणी ग्रहणाला दोष देतो, तर कोणी आईच्या खाण्यापिण्याला. बिचाऱ्या आईचा यात काडीचाही दोष नसतो. हा रोग स्पर्शाने पसरतही नाही.

हेच मेलॅनिन डोळ्यांतही असते. आपले बुबुळ जाड पडद्यासारखे आहे. प्रकाश फक्त मधल्या बाहुलीतून आत जातो. रंगहीन मुलाचे बुबुळ मलमलीसारखे असते. त्यातूनही प्रकाश आत घुसतो व डोळे दिपतात. पण खरी अडचण याहून मोठी आहे. ज्या मधल्या भागाने आपण बारीक अक्षरे वाचतो, तो दृष्टिपटलाचा भाग या मुलांत नीट घडतच नाही. म्हणून चष्म्याने मदत होते, पण पूर्ण नजर मिळत नाही. काहींची नजर ६/६० असते. म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर त्यांना ६ मीटरवरून दिसते.

त्यांचे डोळे सारखे इकडून तिकडे हलतात. मान तिरपी केली की ही हालचाल पुष्कळदा कमी होते. पाहणाऱ्याला वाटते, मुलाचे लक्ष नाही. खरे तर त्याच वेळी ते अगदी लक्षपूर्वक पाहत असते!

असे मूल पुस्तक नाकाशी धरून वाचते. त्याला रागावू नये. त्याने डोळे बिघडत नाहीत. त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. भिंग आणि मोठी अक्षरे उपयोगी पडतात. उन्हात टोपी, गडद चष्मा व पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कारण ही कातडी लवकर भाजते आणि पुढे कर्करोगाचाही धोका असतो. दिव्यांग व्यक्तींसाठी २०१६ साली झालेल्या कायद्यात परीक्षेतील जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद आहे.

तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर रस्त्यात दुरून नुसता हात हलवू नका. तो त्यांना दिसत नाही. नाव घेऊन हाक मारा.