तुमचं लिखाण नक्की राहतं कुठे?

वेबसाइट कशी उभी करायची ते आपण व्हिडिओत पाहिलं. एक मुद्दा मात्र राहून गेला, आणि तोच पुढे महागात पडतो. ब्लॉगवर आपण जे लिहितो, ते साठवायचं कुठे?

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. दोन वर्षं त्यांनी मसाले, लोणची यांवर लेख लिहिले, सगळे थेट वेबसाइटवरच टाइप करून. होस्टिंग रिन्यू करायचा मेल नजरेतून सुटला. साइट गेली, आणि हाताशी एकही कॉपी नव्हती.

आता हे समजून घ्या. वर्डप्रेसमध्ये लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि फोटो सर्व्हरवरच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये. बरेच जण फोल्डर उतरवून घेतात आणि निर्धास्त होतात. अहो, मजकूर त्यात नसतोच! दोन्हींचा बॅकअप लागतो. ऑर्डर, स्टॉक, शेकडो प्रॉडक्ट असतील तर डेटाबेस हवाच. महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्याने फक्त त्याच्यावर विसंबू नये.

ब्लॉगरसारखी फुकट सेवा म्हणजे भाड्याचं घर. गूगल प्लस 2019 मध्ये बंद झालंच ना?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मूळ प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. नोटपॅड पुरे. आधी तिथे लिहायचं, मग साइटवर पेस्ट करायचं. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे ना, ते बघा; 'एएनएसआय'मध्ये सेव्ह केलंत तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून: 2025-06-14-गोडा-मसाला. फाइली आपोआप क्रमाने लागतात.

एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर. तिथे 15 जीबी फुकट मिळतात, पण जीमेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून 'जपले' म्हणू नका, नेहमीसारखा पाठवला की क्वालिटी कमी होते.

ताईंचे काही लेख आम्हाला इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले. कैरीच्या लोणच्याचा नाही सापडला. तो त्या आता पुन्हा लिहितायत, नोटपॅडमध्ये.