अनन्य भक्ती

ईश्वराशी जिवाचा अखंड निकटभाव आणि तो टिकविण्यासाठी आयुष्यभर पाळलेला आचार यांस भक्तिविचारात अनन्य भक्ती म्हणतात. भगवद्‌गीतेत तिलाच ‘अव्यभिचारिणी’ असे विशेषण आहे. भावनेचा उमाळा क्षणिकही असू शकतो. अनन्य भक्तीची कसोटी सातत्य ही होय. चिंचवड (जि. पुणे) येथील गणेशभक्त मोरया गोसावी हे तिचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण.

त्यांचे चरित्र आख्यायिकांनी वेढलेले असून काळाविषयी चौदाव्यापासून सतराव्या शतकापर्यंत निरनिराळी मते आहेत. थेऊर येथे त्यांनी अनुष्ठान केल्याचे परंपरा सांगते. तथापि चरित्रकथांचा गाभा आहे तो चिंचवडहून दरमहा चतुर्थीस मोरगावच्या मयूरेश्वरास जाण्याचा त्यांचा नेम. आजच्या रस्त्याने हे अंतर जाऊन-येऊन सु. १६० किमी. भरते. पायी वारीत महिन्यातील कितीतरी दिवस वाटेतच जात असले पाहिजेत; मग साधना कोठे संपते आणि प्रवास कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण.

वार्धक्यात वारी झेपेना, तेव्हा ‘मीच चिंचवडास येतो’ असा देवाचा दृष्टान्त झाला व कऱ्हा नदीत स्नान करताना त्यांना गणेशमूर्ती लाभली, अशी कथा आहे. ही मूर्ती चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात पूजिली जाते. भक्तासाठी देवाने चालत येणे ही कल्पना पुंडलिकाच्या कथेतही आहे. येथील विशेष असा, की देव घरी आल्यावरही वारी खंडित झाली नाही. भाद्रपद व माघ महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी मोरगावला जाते.

मोरया गोसावींनी पवनेकाठी संजीवन समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. समाधिमंदिराचे बांधकाम १६५८-५९ मधील असून ते त्यांचे पुत्र चिंतामणी यांनी केल्याचे मानले जाते. पुढे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गणेशाचा अंश उतरतो अशी समजूत रूढ झाली आणि वंशजांना ‘देव’ म्हणून मान व इनामे मिळाली. स्वकष्टाने जोडलेली भक्ती अशा रीतीने वारशाचा विषय झाली. मूळ पुरुषाच्या नेमात मात्र वारशाला स्थान नव्हते.

१९५० नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने व कामगार वसाहती उभ्या राहिल्या आणि १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. पालखीचा प्रारंभ आता या गजबजलेल्या उद्योगनगरातून होतो.