खडीची वाट आणि सायकल

निपाणीहून पश्चिमेस निघालेला रस्ता मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी अशी गावे घेत दाजीपूरच्या रानाला भिडतो आणि तेथून फोंडा घाटाने कोकणात उतरून देवगडच्या समुद्राकडे जातो. हा मुख्य रस्ता आज डांबरी आहे. परंतु त्याच्या दोन्ही अंगांना शेतांच्या बांधांवरून, वाड्यावस्त्यांमधून आणि जांभ्याच्या सड्यांवरून गेलेल्या मुरमाच्या व खडीच्या वाटा अजून पुष्कळ आहेत. अशाच वाटा मुद्दाम शोधून त्यांवरून लांबलांबचा सायकलप्रवास करण्याची हौस अलीकडे युरोप-अमेरिकेत फार वाढली आहे. तिच्यासाठी वेगळी सायकल तयार होते, आणि ती सायकल आता आपल्याकडील मोठ्या शहरांतल्या दुकानांतही दिसू लागली आहे.

या हौसेची आवडती भूमी म्हणजे भूमध्य समुद्रातील डोंगराळ बेटे. कोर्सिकाचेच उदाहरण घ्यावे. हे बेट अवघे १८३ किलोमीटर लांब आणि ८३ किलोमीटर रुंद. तरी त्यावरील मोंते चिंतो हे शिखर २,७०६ मीटर उंच असून ते समुद्रापासून जेमतेम २५ किलोमीटरांवर आहे. तेथे सकाळी किनाऱ्यावरून निघालेल्या स्वाराला आधी घाम गाळून वर चढावे लागते, मग उताराचे सुख मिळते. सह्याद्रीचे गणित उलटे आहे. निपाणी मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेली. तेथून पश्चिमेकडे जाताना चढ येतात ते थोडेथोडे, वाटभर विखुरलेले. आणि मग डोंगराची कड संपते तशी जमीन एकदम पायाखालून निघून जाते. बेटावरच्या स्वाराची परीक्षा चढावर होते, निपाणीच्या स्वाराची उतारावर. सायकलीकडून काय मागायचे, हे या एका भेदावरून ठरते.

नव्या सायकलीचे मोठे वैशिष्ट्य म्हणून तिच्या रुंद टायरकडे बोट दाखवले जाते. हा टायर बहुधा ४० मिलिमीटर रुंद असतो. आता गवळ्याची किंवा टपालवाल्याची जुनी काळी सायकल आठवावी. तिचा टायर २८ इंची, दीड इंच रुंद. म्हणजे जवळजवळ तेवढाच. पितळी घागरी, गवताचे भारे आणि मागे बसवलेले पोर घेऊन जी सायकल पिढ्यान्पिढ्या मुरमाच्या रस्त्याने गेली, तिला खडीवर कसे चालावे हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तरुण १९२३ साली सायकलवर निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले, तेही अशाच साध्या सायकलींवर आणि बहुतांशी कच्च्या वाटांनी.

रुंद टायरचा उपयोग मात्र त्यात हवा किती, यावर अवलंबून असतो. टायर दगडासारखा कडक असला की सायकल हलकी चालते, हा समज गुळगुळीत डांबरी रस्त्यावर बराचसा खरा आहे. खडीवर तो फसतो. कडक चाक प्रत्येक खड्यावर चढते, उडते आणि पुन्हा आपटते; या प्रत्येक उडीत स्वाराने पुढे जाण्यासाठी लावलेले बळ वर-खाली हालण्यात खर्ची पडते. हवा थोडी कमी असली तर खडा टायरमध्ये दबून जातो, सायकल सरळ पुढे जाते, आणि जमिनीला टेकलेला भाग मोठा झाल्याने पकडही वाढते. वायवी टायर १८८८ साली डनलॉपने केला तोच मुळी खडबडीत वाटेवरील हादरे घालविण्यासाठी. साधारण वजनाच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३० ते ४० पौंड हवा पुरते. त्याहून फार कमी केली तर धारदार दगडावर रिम खाली बसून ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढणारा ही जोडभोके पाहताच हवा कमी होती हे ओळखतो.

जुनी सायकल कमी पडते ती चढावर. तिच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात धरले, तर पायाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे सोयीचे; परंतु चढावर तेवढे अंतर एका फेऱ्यात ओढून नेणे गुडघ्यांना झेपत नाही, आणि स्वार उभा राहून दाबू लागला की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते सैल मुरमात जागीच फिरते. नव्या सायकलीत पुढे ३० आणि मागे ३४ दात लावता येतात. मग एका फेऱ्यात सायकल दोन मीटरही जात नाही; पण स्वार बसल्या जागी, सावकाश, चाक न घसरता वर जातो.

वाटेवरचा दगडही ओळखावा लागतो. निपाणीच्या परिसरातला काळा पाषाण फुटतो तो कोनेदार. त्याची खडी एकमेकींत अडकून बसते आणि चांगली दाबली तर चाकाला आधार देते. पश्चिमेस सड्यांवर जांभा लागतो. त्याचे तांबडे, गोलसर खडे कठीण पृष्ठावर पसरले की गोट्यांसारखे निसटतात. अशा वळणावर हॅन्डल वळवण्यापूर्वीच वेग उतरवावा. वळणात ब्रेक दाबणारा हमखास पडतो. मोटारींच्या वर्दळीने कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उठतात, त्या मात्र कोणत्याही दगडात सारख्याच त्रासदायक. त्यांवर हात आवळून धरू नयेत, कोपर सैल ठेवून कडेची न उखडलेली पट्टी धरावी.

ऋतूंचाही मेळ बेटांशी जमत नाही. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. कोर्सिकातील काही रानवाटा वणव्याच्या भयाने भर उन्हाळ्यात बंद ठेवतात. सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर आभाळ फाटते. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस होतो. तांबडी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये साठून सायकल अडकवते. म्हणून इकडचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. दाजीपूरच्या रानात, जे १९५८ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. तेथे गवे आहेत, आणि सायकल आवाज न करता येते, हा गुण गव्यापुढे दोष ठरतो.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या वाटेसाठी हौशी स्वार दूरवरून येतो, त्याच वाटेने बाळंतिणीला दवाखान्यात नेताना वाडीतली माणसे डांबराची वाट पाहत असतात. वाट पक्की झाली म्हणून स्वाराने हळहळणे शोभणारे नाही. त्याला रानात आणि सड्यावर वाटा पुष्कळ उरतील.

राहिला उतार. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ५०० मीटर खाली येते, तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात सुमारे सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल. वेगाने जाणाऱ्याची पुष्कळशी ऊर्जा वारा घेतो. सतत ब्रेक धरून हळू उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उतरते. जुन्या सायकलीचे दांडीचे ब्रेक रबराचा तुकडा लोखंडी रिमवर दाबतात. रिम ओली असली की त्यांची पकड फारच कमी होते. नव्या सायकलीला चाकाच्या मध्याशी वेगळी पोलादी चकती असते. ती चिखल-पाण्यापासून दूर राहते, पण तापते तीही. म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक नेटाने धरून वेग उतरवावा, मग सोडून चकतीला वारा लागू द्यावा. सैल खडीवर पुढचा ब्रेक एकटा जोराने दाबू नये. पुढचे चाक सरकले की सावरता येत नाही. घाटात दोनतीनदा थांबावे. फोंड्याला पोहोचल्यावर चकतीला बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा, आणि ती निवावी म्हणून तीवर बाटलीतले पाणी ओतू नये. तापलेले पोलाद एकदम गार झाले की वाकडे होण्याचा संभव असतो. सायकल झाडाखाली उभी करून ते पाणी स्वाराने प्यावे.