पुलावरची दुकानं आणि फ्रान्सिसचं आडनाव

पुलावर बाजार भरलेला आपण पाहतो, पण पूल बांधतानाच त्यावर पक्की दुकानं बांधलीत, असं कधी पाहिलंय? इंग्लंडमधल्या बाथ शहरात एव्हन नदीवर असा पूल आहे. नाव पुल्टनी ब्रिज. मध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानांची रांग. चालताना खाली नदी आहे हे कळतच नाही! ती दिसते दुकानाच्या मागच्या खिडकीतून. दोन्हीकडे दुकानं असलेले असे पूल जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज राजे झाले. म्हणून त्या काळातल्या इमारतींना जॉर्जियन म्हणतात. बाथ तर या इमारतींचं माहेरघरच. मधाच्या रंगाचा स्थानिक दगड, नेटक्या ओळीतल्या खिडक्या, डावी बाजू उजवीसारखीच. त्या काळी काच तोंडाने फुंकून करत, त्यामुळे मोठं तावदान मिळणं कठीण. मग लाकडी चौकटीत छोट्या छोट्या काचा बसवून दुकानाची दर्शनी खिडकी सजायची. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, हे तर आपल्या ओळखीचंच!

या पुलाचा आराखडा रॉबर्ट अ‍ॅडम या नामवंत वास्तुरचनाकाराचा. १७७४ मध्ये पूल पुरा झाला. पण मला जास्त कुतूहल वाटलं ते त्याच्या नावाचं.

फ्रान्सिस पुल्टनी हिला १७६७ मध्ये घराण्याची मोठी इस्टेट वारशाने मिळाली. नदीपलीकडची बाथविकची जमीन त्यातलीच. आणि बरं का, तिच्या नवऱ्याने, विल्यम जॉन्स्टनने, स्वतःचं आडनाव सोडून बायकोचं लावलं! त्या जमिनीवर नवी वस्ती करायची तर शहरातून तिकडे जायला धड रस्ता हवा. तिथे होती फक्त नाव. म्हणून हा पूल आला.

मात्र आडनाव तिचं असलं तरी कारभार त्याचा. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेवर साधारणपणे नवऱ्याचाच ताबा असे. विवाहितेला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पुरेसा हक्क तिथे मिळाला तो थेट १८८२ च्या कायद्याने. फ्रान्सिस तर १७८२ मध्येच गेली. बरोबर शंभर वर्षं आधी.

पुढे पुलाने बरंच सोसलं. दुकानं वाढवण्यासाठी फेरफार झाले, १७९९ आणि १८०० च्या पुरांनी उत्तरेकडची बाजू खचवली, ती पुन्हा बांधावी लागली. दुकानदारांनी मागच्या बाजूला नदीवर खोल्याही काढल्या. जागा पुरत नाही, ही तक्रार कुठल्या बाजारात नसते? फ्रान्सिसच्या मुलीचं नावही पलीकडच्या वस्तीत राहिलं. लॉरा प्लेस आणि हेन्रिएटा स्ट्रीट, ही नावं हेन्रिएटा लॉराचीच.

पूल कुणी बांधला, याचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. मैत्रिणींनो, जुनी वास्तू बघताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. जमीन कुणाची होती? आणि आपल्या स्वतःच्या नावावर घर, शेत, गाळा काही असेल, तर त्याचे कागद कपाटात कुठे आहेत, हे आपल्याला माहीत असायलाच हवं. नुसतं पाटीवर नाव असून भागत नाही.