विश्लेषण : कचारगडच्या गुहेत देव कोणी कोंडले? लिंगोच्या महाकथेचे अर्थ किती?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला टॉम बॉम्बाडिल देव की आणखी कोणी? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या जॉन स्नोचे खरे आईबाप कोण? अशा प्रश्नांवर जगभरचे फँटसीप्रेमी वर्षानुवर्षे तर्क लढवत आले आहेत. कोंडलेले देव, बोलणारे प्राणी, मेलेल्याला उठवणारे अमृत आणि सुरांनी सरकणारी शिळा असलेली एक महाकथा पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका गुहेशी जोडलेली आहे. गोंड समाजाच्या पारी कुपार लिंगोची ही कथा. तिच्यातल्या कोड्यांवर दीडशेहून अधिक वर्षे वाद सुरू आहेत. फरक एवढाच, की येथे कथा ऐकणारे तिच्यातल्या देवांना रोज हातही जोडतात.

कचारगड कुठे आहे?

कचारगडची गुहा गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, धनेगावजवळच्या डोंगरात आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा हे जवळचे रेल्वे स्थानक. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशची सीमा येथून हाकेच्या अंतरावर आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. माघ पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा या राज्यांतून लाखो भाविक येतात. ‘जय सेवा’च्या घोषात डोंगर चढून गुहेतल्या देवांचे दर्शन घेतात. आजच्या स्वरूपातली ही यात्रा १९८०च्या दशकात काही गोंड अभ्यासक आणि कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

कथा काय सांगते?

कचारगडला सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. माता कली कंकालीची ३३ मुले बेफाम झाली होती. शंभूने त्यांना गुहेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा लावली. आईच्या आकांताने जंगो रायताडचे मन कळवळले. तिने पारी कुपार लिंगोला साकडे घातले. लिंगोने हिरासुका पाटालीर या वादकाला सोबत घेतले. किंगरीच्या तारा छेडल्या गेल्या, आतल्या मुलांत बळ संचारले, आतून रेटा आला आणि शिळा हलली. मुले सुटली, पण गडगडत आलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. सुटलेली मुले लिंगोचे शिष्य झाली आणि त्यांनी कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, सर्वदूर नेला.

फँटसीच्या चाहत्यांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो : या जगातल्या जादूची किंमत कोण मोजतो? कचारगडच्या कथेत त्याचे उत्तर स्पष्ट आहे. शिळा हलते, पण वाजवणाऱ्याचा जीव जातो. परधान हे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गायक-कथेकरी. किंगरी हे त्यांचे वाद्य आणि हिरासुका हा त्यांच्या परंपरेत आद्य वादक मानला जातो. ज्यांनी ही कथा पिढ्यान्पिढ्या गायली, त्यांनीच आपल्या पूर्वजाचे बलिदान तिच्या मध्यभागी जपले, असे म्हणता येते.

मग वेगळी कथा कोणती?

लिंगोकथा पहिल्यांदा छापली गेली ती नागपूरमुळे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी परधानाकडून ही कथा मूळ गोंडीत उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पाण्यात बुडाले. त्यांची कागदपत्रे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

या पाठात तपशील बरेच वेगळे आहेत. महादेव खारीच्या रूपाने गोंडांना भुलवतो, ते तिच्यामागे गुहेत शिरतात आणि तो दार बंद करतो. चौघे तेवढे निसटतात. मग लिंगोचा जन्म होतो. तो या चौघांना शेती शिकवतो, राक्षसाकडून अग्नी आणतो. पुढे हेच भाऊ संशयाने त्याला ठार मारतात आणि अमृत शिंपडल्यावर तो पुन्हा उठतो. कोंडलेल्यांना सोडवण्यासाठी महादेव त्याला एका अजस्र पक्ष्याची पिल्ले आणायला सांगतो. त्या पिल्लांना खाणाऱ्या सर्पाला लिंगो मारतो आणि पक्षी त्याच्यावर प्रसन्न होतो. सुटकेनंतर नदीला पूर येतो. मगर दगा देते, कासव तारते.

म्हणजे एका पाठात सुटका सुरांनी होते, दुसऱ्यात पराक्रमाने. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१च्या पुस्तकात ही कथा लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात आणली. १९४८ मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांमधली परंपरा ग्रंथबद्ध केली. मौखिक महाकथेला एकच ‘अधिकृत’ प्रत नसते. कोण गातो, कुठे गातो आणि कोणापुढे गातो, त्यावर तिचे रूप ठरते. वादांचे मूळ येथेच आहे.

कोंडणारा देव कोण? तर्क कोणते?

सर्वांत मोठे कोडे हेच. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव, पार्वती, भगवान अशी नावे येतात. पहिला तर्क असा, की ही नावे नंतर मिसळली. हिंदू राजवटी आणि शेजारच्या गावांचा सहवास यांमुळे परधानांच्या गाण्यात पुराणातले देव शिरले. वसाहतकाळातल्या अभ्यासकांचा कल या बाजूने होता.

दुसरा तर्क याच्या उलट आहे. नागपूरचे दिवंगत भाषा-अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) आणि त्यांच्या विचारांचे अनुयायी मांडतात, की शंभू ही मुळातच गोंडांची पदवी आहे. असे एकामागून एक ८८ शंभू होऊन गेले आणि पुराणांनी नंतर त्यांना आपल्यात सामावून घेतले. या मांडणीत शंभू हा खलनायक ठरत नाही. तो शिस्त लावणारा प्रमुख ठरतो. कोंडणे ही शिक्षा, सुटका ही दीक्षा.

तिसरा तर्क इतिहासाकडे पाहतो. गुहेत कोंडले जाणे, मोजकेच लोक वाचणे, पुराची नदी ओलांडणे आणि नव्या भूमीत कुळांची मांडणी करणे, ही एखाद्या पराभवाची आणि स्थलांतराची धूसर आठवण असावी, असे या मांडणीचे म्हणणे. ती आकर्षक आहे. पण कथेतल्या घटनेला काळ आणि स्थळ चिकटवणारा स्वतंत्र पुरावा हाती येत नाही, तोवर ती तर्कच राहते.

स्थळाचा वादही कमी नाही. हिस्लॉप यांच्या पाठातल्या ‘काचीकोपा लोहागड’ या नावाचा अर्थ लोखंडाची दरी असा लावला जातो. काही अभ्यासकांनी ही जागा पचमढीच्या महादेव डोंगरात शोधली. कचारगडला येणारा भाविक मात्र हीच ती जागा मानतो.

ही जादू की नियमावली?

कथेच्या शेवटी लिंगो सुटलेल्यांची ‘सगा’ गटांत विभागणी करतो. प्रत्येक गटाला देवांची संख्या नेमून दिलेली असते : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. समान देवसंख्येच्या गटांत सोयरीक होत नाही, कारण ते एकमेकांचे भाऊबंद मानले जातात. वेगळ्या देवसंख्येच्या घरी मात्र लग्न जुळते. आजही अनेक गोंड कुटुंबांत लग्न ठरवताना पहिला प्रश्न ‘किती देवे?’ हा असतो. ७५० हा आकडाही गोंडांसाठी पूज्य आहे आणि तो गोत्रांच्या एकूण संख्येशी जोडला जातो.

काल्पनिक कादंबरीत लेखक जगाचे नियम तयार करतो आणि वाचक त्यातल्या त्रुटी शोधतो. लिंगोकथेतले नियम नात्यागोत्यांत उतरले आहेत. त्यामुळे तिच्यातल्या एखाद्या पात्राचा किंवा आकड्याचा अर्थ बदलला, तर त्याचा परिणाम घराघरापर्यंत जातो.

सिंधू लिपी आणि रावणाचा संबंध काय?

कंगाली यांचा सर्वांत धाडसी दावा सिंधू संस्कृतीबद्दलचा होता. त्या मुद्रांवरची चिन्हे गोंडीच्या आधारे वाचता येतात, असे त्यांनी पुस्तक लिहून मांडले. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा आहे आणि सिंधू लिपीची भाषा द्राविड असावी असे मानणारा अभ्यासकांचा एक गट आहे. त्यामुळे हा विचार हवेतून आलेला नाही. मात्र सिंधू लिपीचे कोणतेही वाचन अद्याप तज्ज्ञांत सर्वमान्य झालेले नाही. त्याला कंगाली यांचे वाचनही अपवाद नाही. लेख फार छोटे आहेत आणि दोन लिप्यांतला एकच मजकूर सापडलेला नाही, ही त्यातली मुख्य अडचण.

रावणाचे असेच. अनेक गोंड स्वतःला रावणाच्या कुळातले मानतात. मोतीराम या नावाचे ‘मोतीरावण’ करणे हीदेखील त्या भूमिकेची घोषणाच होती. रावणाची लंका समुद्रापार नसून मध्य भारतात होती, हा तर्क मात्र बराच जुना आहे. रायबहादूर हिरालाल यांनी ती अमरकंटकच्या परिसरात शोधली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही १९७३च्या रामायणावरील पुस्तकात लंका मध्य भारतात असावी, असेच मत मांडले.

चाहत्यांचे तर्क आणि हे वाद यांत साम्य काय, फरक काय?

साम्य पद्धतीत आहे. कथेत जागा मोकळी राहिली की ऐकणारा ती भरतो. मराठी वाचकांना हे नवे नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातल्याच खुणा जुळवत, युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, हा प्रश्न उपस्थित केला होता. विदुर हा धर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र आणि विदुराने अखेरीस योगबळाने युधिष्ठिरात प्रवेश करणे, हे दुवे त्यांनी समोर ठेवले. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तर्क चांगला असेल, तर तो मूळ कथा पुन्हा वाचायला लावतो.

फरक निर्णयाच्या अधिकारात आहे. जॉन स्नोच्या जन्माबद्दलचा चाहत्यांचा तर्क २०१६ मध्ये मालिकेनेच खरा ठरवला. बॉम्बाडिल हे कोडे आपण जाणूनबुजून ठेवल्याचे टोल्किन यांनी पत्रात लिहून ठेवले. तेथे निवाडा करायला लेखक असतो. लिंगोकथेला लेखक नाही. तेथे परधानाचे गाणे, भुमकाचा विधी, मिशनऱ्याचे टिपण आणि अभ्यासकाचे पुस्तक असे अनेक साक्षीदार आहेत, आणि ते सगळे एकच गोष्ट सांगत नाहीत.

यात पणाला काय लागले आहे?

कोंडणारा देव पुराणातला मानला, तर लिंगोकथा हिंदू परंपरेची एक शाखा ठरते. तो गोंडांचा स्वतंत्र शंभू मानला, तर कोया पुनेम हा स्वतंत्र धर्म ठरतो. हा प्रश्न थेट जनगणनेच्या रकान्यापर्यंत जातो. २०११च्या जनगणनेत सहा प्रमुख धर्मांव्यतिरिक्त ‘इतर’ गटात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांत ‘सरना’ लिहिणारे ४९ लाखांहून अधिक, तर गोंडी धर्म लिहिणारे सुमारे १० लाख होते. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतंत्र सरना नोंदीसाठी ठराव केला. गोंडांतूनही स्वतंत्र नोंदीची मागणी होते. २०२७च्या जनगणनेच्या निमित्ताने ती पुन्हा ऐरणीवर आली आहे. समाजातलाच दुसरा मोठा वर्ग मात्र बडादेव आणि महादेव यांत भेद मानत नाही.

दुसरा धोका भाषेचा आहे. २०११ मध्ये गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तिला युनिकोडमध्ये जागा मिळायला २०१७ साल उजाडले. भंडारा-गोंदियात आज अनेक गोंड आणि परधान घरांत बोलणे मराठीतच होते. किंगरी वाजवणारे हात कमी होत चालले आहेत.

छापील पुस्तकातला एक पाठ सगळीकडे पोहोचला, की गावोगावचे वेगळे पाठ मागे पडतात. हिस्लॉप यांच्या वेळी ते घडले, कंगाली यांच्या पुस्तकांनंतरही घडत आहे. लिंगोच्या कोड्यांवर वाद होत राहणे हे कथा जिवंत असल्याचे लक्षण आहे. पण वाद घालायला अनेक पाठ शिल्लक हवेत. ते अजून ज्यांच्या तोंडी आहेत, त्या परधानांकडून गोंडीत ध्वनिमुद्रित करून घेणे हे काम कोणत्याही तर्काच्या निकालापेक्षा तातडीचे आहे.