मुतखडा, सराटा आणि पाच मिलिमीटर

एप्रिल-मे लागला की आपल्या हिंगोली, कळमनुरी, वसमत भागात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अमक्याला मुतखडा झाला." मागोमाग सल्लेही येतात. कोणी सराट्याचा काढा सांगतं, कोणी हुलग्याचं पाणी, कोणी पानफुटीची पानं. होस्टेलवर तर एखादा बहाद्दर बिअर सुचवतो! यातलं खरं किती आणि ऐकीव किती, ते जरा इंजिनिअरच्या नजरेने पाहू.

खडा होतो कसा? साखरेचा पाक आटला की कडेला साखर धरते, अगदी तसंच. उन्हात घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं, लघवी घट्ट होते आणि त्यातले क्षार स्फटिक बनून साचतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

आता पाइपलाइन बघा. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. त्यातही तीन ठिकाणी ती आणखी अरुंद. खडा तिथे अडकला की मागे दाब वाढतो आणि कंबरेपासून जांघेपर्यंत कळ येते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. १० मिलिमीटरच्या वरचे क्वचितच पडतात. सगळ्या काढ्यांचं गणित या दोन आकड्यांत आहे.

सराटा म्हणजे आयुर्वेदातलं गोखरू. आपल्या शेताच्या बांधावर चप्पल आणि सायकलच्या टायरमध्ये घुसणारा तोच काटा! लघवी साफ होण्यासाठी तो पूर्वीपासून देतात. हुलग्याचं कढण, वायवर्ण्याची साल, पुनर्नवा, मक्याचे केस हीसुद्धा याच यादीतली नावं. यातल्या काहींच्या अर्काने परीक्षानळीत स्फटिकांची वाढ मंदावते, असं प्रयोगांत दिसलंय. पण परीक्षानळी वेगळी आणि माणसाचं मूत्रपिंड वेगळं. तयार झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा काढ्याने विरघळतो, याला भक्कम पुरावा नाही. मग लोकांना गुण येतो तो कशाने? एकतर खडा लहान असतो, तो पडणारच असतो. दुसरं, काढ्याच्या निमित्ताने पोटात पाणी जातं. श्रेय मात्र काढ्याला मिळतं!

एक घोळ नावांचाही आहे. 'पाषाणभेद' या एकाच नावाने वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकतात. खरी मानली जाते ती हिमालयातली, आणि आपल्याकडे बऱ्याचदा पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतात. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यंही असतात, त्यामुळे मूठमूठ पानं खाणं बरं नाही. हळदीचंही तसंच. भाजीतली चिमूटभर हळद ठीक, पण चमचे भरभरून पावडर घेतली तर लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. बिअरने लघवी जास्त होते खरी, पण शरीर कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं. तेव्हा तो सल्ला बाद.

गंमत म्हणजे आपल्या सुश्रुतांनी हे केव्हाच ओळखलं होतं. 'अश्मरी' नवी, लहान असेल तर औषधाने बरी होते, वाढली तर शस्त्राची गरज पडते, असं सुश्रुतसंहिता सांगते. आज शस्त्राच्या जोडीला ध्वनिलहरी आल्या. विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीच्या संशोधनातून आलेल्या यंत्राने १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरातला खडा बाहेरून फोडला गेला. इंजिनिअरिंगवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

आता सगळ्यात महत्त्वाचं. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं नव्हे. नळी बंदच राहिली तरी दुखणं कमी होऊ शकतं, आणि मूत्रपिंड आतल्या आत निकामी होत जातं. काढा पीत महिनोन्‌महिने काढणारे इथेच फसतात. म्हणून आधी सोनोग्राफी करून खड्याचं माप आणि जागा कळू द्या, आणि नंतर पुन्हा तपासून तो पडल्याची खात्री करा. थंडी वाजून ताप, लघवी बंद, थांबत नाहीत अशा उलट्या, एकच मूत्रपिंड किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर काढ्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

आणि खडा पुन्हा होऊ नये म्हणून? १९९६ साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९ रुग्णांना पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सोबत लिंबूपाणी चालेल, मीठ कमी.

हुलग्याचं माडगं आवडत असेल तर खुशाल खा. पण बॅगेतली पाण्याची बाटली भरलेली ठेवा!